लिफ्टची जागा

वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती आणि चहा नुकताच येऊन गेला होता. नागसेन सरकटेनं नकाशा टेबलावर पसरला, कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर रिकाम्या बशा ठेवल्या आणि पेन्सिलीचं टोक पहिल्या मजल्यावरच्या दालनाच्या एका भिंतीवर टेकवलं.

"लिफ्ट इथं बसेल," तो म्हणाला.

सगळे वाकून पाहायला लागले. मग एकेक जण सरळ झाला आणि एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागला. ती भिंत बुलढाण्यात वाचनालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला माहीत होती. तिच्यावर नागसेननंच तरुणपणी रंगवलेलं चित्र होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अध्यक्ष अर्जुनराव निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही गुडघे गेलेले. वरच्या मजल्यावर यायचं तर कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत यायचे. लिफ्टसाठी सगळ्यात जास्त खेटे त्यांनीच घातले होते.

"सर, दुसरीकडं कुठं नाही का जमत?" त्यांनी विचारलं.

"नाही जमत. पुढं रस्त्याची हद्द आहे, बाजूला शेजाऱ्याची भिंत. मागून घेतली तर माणूस पुस्तकांच्या कपाटांमागून बाहेर पडेल."

"ते खरं. पण तिथं वहिनी आहेत."

"हो," नागसेन म्हणाला. "दार भिंतीच्या मधोमध येईल. दोन्ही बाजूंचं उरेल तेही काढून टाकू. अर्धं राहिलेलं चित्र वाईट दिसतं."

शिपायानं बशा उचलल्या तसा नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

खाली येऊन नागसेननं स्कूटर सुरू केली. वाटेत दूध घेतलं. आपल्याच हातानं आपलं चित्र पाडायचा नकाशा काढला, आता घरी पोचेपर्यंत छातीत काहीतरी हलेल, असं त्याला वाटलं होतं. काही हललं नाही. घरी येऊन फ्रिज उघडला तर कालचं दूध तसंच होतं. आजची पिशवी त्याच्या शेजारी ठेवून त्यानं दार लावलं.

भिंतीवरची बाई वहिनी, म्हणजे नागसेनची गेलेली बायको, नव्हतीच. पण ही गोष्ट आता नागसेनला, त्या चित्रातल्या बाईला आणि तिच्या घरच्यांनाच ठाऊक होती.

नागसेन मूळचा देऊळघाटचा. वडील जिल्हा परिषदेत शिपाई होते, ते रद्दीतले पाठकोरे कागद घरी आणायचे आणि पोरगं त्यांवर चित्रं काढायचं. चित्रकलेच्या मास्तरांनी वडिलांना समजावलं, की चित्रं काढून याचं पोट भरायचं नाही, याला घरं काढायला शिकवा. नागसेन नागपुरात आर्किटेक्ट झाला आणि पुण्यात एका मोठ्या ऑफिसात लागला. तिथं काही वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने काढत बसला. मग वाचनालयाची नवी इमारत निघाली. आपल्याच भागातला पोरगा आहे म्हणून त्याला बोलावणं आलं. तो थोड्या दिवसांची रजा टाकून आला आणि परत गेलाच नाही.

इमारत उभी राहिली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या दालनात एक लांबरुंद कोरी भिंत होती. तिथं थोरामोठ्यांचे फोटो लावायचे असं ठरलं होतं. नागसेननं ती भिंत स्वतःसाठी मागून घेतली. अकोल्याहून रंगांचे डबे आणले आणि आठवडी बाजार रंगवला. मागं घाटाची कड, मध्ये टोपल्या, बकऱ्या, पालं, माणसं. आणि अगदी पुढं, वांग्यांच्या ढिगामागं, हातात तागडी धरून समोरच्याकडं रोखून बघणारी एक तरुण बाई. तिच्यासाठी त्यानं बाजारात बसणाऱ्या मनकर्णाबाईला गळ घातली. ती पण देऊळघाटचीच, नागसेनपेक्षा मोठी, तेव्हा पस्तिशीतली. तिनं एकच अट घातली, की बसेन तितके दिवस माझी वांगी सगळी तू घ्यायची. त्या आठवड्यात नागसेन आणि सगळे गवंडी दोन्ही वेळ वांगीच खात होते.

चित्र गाजलं. औरंगाबादेत त्याचं एक प्रदर्शन झालं, पुढं मुंबईतही इतरांच्या चित्रांबरोबर त्याची काही लागली. पण जास्त चालली ती घरंच. चिखलीतला दवाखाना त्याचा, अमडापूरचा विहार त्याचा, बुलढाण्यातल्या नव्या वस्त्यांमधली कितीतरी घरं त्याची. सकाळी तंत्रनिकेतनात शिकवायचं, दुपारी ऑफिस, सुट्टीच्या दिवशी रंग. सरकारी दवाखान्यात परिचारिका असलेल्या समताशी लग्न झालं तेव्हा तो तिला आधी ते चित्र दाखवायला घेऊन गेला होता.

समता बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही कोण?"

"भाजीवाली आहे. देऊळघाटची."

"चांगली काढली. माझं काढशील का?"

"काढतो ना," तो म्हणाला.

काढलं नाही. नाही म्हणाला असंही नाही. कधी नगरपालिकेत नकाशा दाखल करायचा असायचा, कधी कॉलेजच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले असायचे. पायल झाली, मग स्वतःचं घर बांधायला काढलं. दर एक-दोन वर्षांनी समता हसत आठवण करून द्यायची. पुढं तिनं विचारायचं सोडलं. ती विसरली असं नागसेननं धरून चाललं.

गेल्या उन्हाळ्यात समता ड्यूटीवरून आली, उंबऱ्यात बसून चप्पल काढली आणि तिथंच कलंडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अकोल्याच्या रस्त्यातच संपलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अर्जुनराव बोलायला उठले आणि गहिवरून म्हणाले, की आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर सरांनी समताताईंना कायमचं बसवून ठेवलं आहे. लोकांनी डोळे पुसले. नागसेन पहिल्या रांगेत खाली मान घालून बसला होता. दुरुस्त करायला तोंड उघडावं एवढंही त्याच्यात बळ नव्हतं. त्या दिवसापासून भिंतीवरची बाई गावासाठी समता झाली. येणारे-जाणारे तिच्यापाशी घटकाभर थांबायला लागले.

त्या दिवसापासून नागसेनचंही काहीतरी बंद पडलं. तो आंघोळ करायचा, जेवायचा, कॉलेजात जायचा, नकाशे वेळेवर द्यायचा. घरी भेटायला आलेलं कुणी रडायला लागलं की तो आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणायचा. मागच्या खोलीत कुंचले वाळून लाकडासारखे झाले होते. ते फेकावेत असंही त्याला वाटलं नाही आणि धुवावेत असंही नाही.

बैठकीची बातमी दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचली होती. दुसऱ्या वर्षाचा जिन्याचा तास होता. नागसेननं वर्गाला कॉलेजच्या जिन्यावर नेलं, सगळ्यांना पाठीवर दप्तरं घेऊन वर-खाली करायला लावलं आणि कोणती पायरी चुकीची आहे ते ओळखायला सांगितलं. एक पायरी बोटभर उंच होती. तिच्यावर जवळजवळ प्रत्येक जण अडखळला. पोरं नेहमीसारखी हसली नाहीत, जपून वागत होती. तास संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी थांबली.

"सर, त्या चित्रासाठी आम्ही सह्या गोळा करून राह्यलो."

"जिन्याचे नकाशे कधी देता?" नागसेननं विचारलं.

"शुक्रवारी, सर."

"गुरुवारी द्या."

ऑफिसात काजल वाट पाहत होती. धामणगाव बढ्याची ही पोरगी आधी त्याची विद्यार्थिनी, मग आर्किटेक्ट होऊन त्याच्याच हाताखाली आलेली. शिकायला होती तेव्हा समता तिला आठवड्यातून एकदा तरी जेवायला घालायची. काजलनं रात्रभर बसून लिफ्टचा वेगळा नकाशा काढला होता.

"सर, पाहा. मागच्या अंगानं. कपाटं दोन फूट सरकवली की झालं."

नागसेननं चष्मा लावून नीट पाहिलं. "व्हीलचेअर इथून कशी वळेल?"

"वळते. थोडी अडचण होईल."

"थोडी अडचण होईल, हे नकाशावर कुठं लिहिशील?"

काजल नकाशाची कड चुरगाळत म्हणाली, "सर, एक विचारू? तुमाले काहीच वाटत नाही का?"

तिला खोटं सांगायचं नव्हतं म्हणून नागसेननं खरंच मनात शोधून पाहिलं. "नाही वाटत," तो म्हणाला. "मी रोज पाहतो वाटते का म्हणून. नाही वाटत."

"मॅडम आहेत सर त्या."

तेव्हाच सांगता आलं असतं. पण काजलचे डोळे भरले होते, आणि सांगायला बसलं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं. "सोमवारपर्यंत ठेकेदाराचे नकाशे तयार कर," एवढंच म्हणून त्यानं चष्मा काढून ठेवला.

काम सुरू व्हायच्या आधी तो भिंतीची मापं घ्यायला गेला होता, तेव्हा खाली रिक्षा थांबली. रिक्षातून एक म्हातारी उतरली आणि तिच्यामागून तिची सून. देऊळघाटात बातमी गेली होती. वाचनालयाचं चित्र तोडून राह्यले असं सून रुख्मिणीनं ऐकलं आणि सासूला सांगितलं. तशी सासूनं एकदा पाहून येऊ असा धोशा लावला. नागसेननं वरून पाहिलं आणि चालीवरूनच ओळखलं. मनकर्णाबाई बाजारात बसायची बंद झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

जिना तिला चढवेना. दोन शिपायांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला वर आणलं. चित्रासाठी बसली होती त्यानंतर एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या दालनात येत होती. खुर्ची चित्रासमोर ठेवली तशी तिनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"ही मी?"

"हो, मावशी."

"लय काळी केली मले."

"तुम्ही दिवसभर उन्हात बसायच्या."

"ते बी खरंच हाये." ती बघत राहिली. "वांगे मात्र बेस काढले. तवा अशेच येयाचे आमचे वांगे. आता नाई येत."

रुख्मिणीनं मोबाइलवर सासूचा आणि चित्राचा एकत्र फोटो काढला. मनकर्णाबाई फोटोसाठी ताठ बसली आणि झाल्यावर पुन्हा सैल झाली.

"तुमची बायको गेली म्हंते, भाऊ."

"हो. गेल्या वर्षी."

"नर्सबाई. येयाची माह्याकडे, दर बाजारी. कोथिंबीर लय निवडून घेये." मनकर्णाबाई आठवून हसली. "मले म्हने, मावशी, तू भितीवर जाऊन बसली आन् मी आजून लायनीतच उभी हाओ. दर बारीले हेच म्हने. हासत म्हने, पण म्हने."

नागसेनच्या हातात मापाची पट्टी होती. त्यानं ती सावकाश आत सरकवली.

"लागला का मंग तिचा नंबर?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"नाही."

"राह्यलंच मंग," ती म्हणाली, आणि रुख्मिणीकडं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा भिंतीकडं पाहत तिनं विचारलं, "इथीसा काय करून राह्यले आता?"

"लिफ्ट. पायानं वर येता येत नाही त्यांच्यासाठी."

"म्हंजे म्हातारे लोक येतीन वरते."

"येतील."

"मंग करा," मनकर्णाबाई म्हणाली.

तिला खाली पोचवून नागसेन परत वर आला आणि राहिलेली मापं घेतली. 'आजून लायनीतच उभी हाओ' हे शब्द समताच्या आवाजात ऐकायचा त्यानं प्रयत्न केला. शब्द आले, आवाज आला नाही. भिंतीची रुंदी त्याला दोनदा मोजावी लागली.

तोडायच्या आदल्या दिवशी कार्यकारिणीनं छोटा कार्यक्रम ठेवला. नागसेनला शाल दिली. दालन भरून माणसं आली होती, दवाखान्यातल्या समताच्या मैत्रिणी आल्या होत्या. अर्जुनरावांनी शिपायाला शिडीवर चढवलं आणि चित्रातल्या बाईच्या चेहऱ्याभोवती झेंडूचा मोठा हार अडकवला. एकेक जण पुढं येऊन खाली फुलं ठेवू लागला. नागसेन शाल पांघरून बसला होता. त्याला दिसत होतं की देऊळघाटात या वेळी ती म्हातारी ओसरीत भाकर खात बसली असेल आणि इथं तिला हार घातला आहे. हे हसण्यासारखं आहे, हे त्याला कळत होतं. शेजारी काजल हुंदके देत होती. त्यानं खिशातून रुमाल काढून तिला दिला.

सकाळी तोडणारे आले. भिंत काढण्याआधी वरच्या बीमला नीट आधार द्यावा लागतो, त्यामुळं नागसेन स्वतः हजर होता. लोखंडी टेकू लागले, यंत्र सुरू झालं. पहिल्यांदा वांग्यांचा ढीग पडला, मग बकऱ्या, मग घाटाची कड. धूळ इतकी उडाली की समोरचं दिसेना. एक टेकू थोडा सरकल्यासारखा वाटला म्हणून नागसेन वर बघत होता, ठेकेदाराला हाका मारत होता. तो टेकू सरळ करून घेऊन त्यानं खाली पाहिलं तेव्हा बाईचा चेहरा पडून गेलेला होता. नेमका कधी पडला ते त्याला कळलं नाही.

दुपारी पायलचा फोन आला. पायल, त्याची मुलगी, पुण्यात नोकरीला होती. कार्यक्रमाचे आणि तोडकामाचे फोटो तिच्यापर्यंत कुणाकुणाच्या मोबाइलवरून पोचले होते. लहानपणी तिनं एकदा त्या चित्राकडं बोट दाखवून 'ही तू आहेस का?' असं आईला विचारलं होतं आणि आई नुसती हसली होती. पायलनं तेव्हापासून ती आईच धरली होती.

"बाबा, निदान तेवढा तुकडा तरी कापून ठेवायचा ना," ती रडत होती. "आईचा तेवढा. मी नेला असता."

नागसेन गच्चीवर आला. त्याच्या केसांवर, शर्टावर धूळ होती.

"पायल, ती आई नव्हती."

"म्हणजे?"

"देऊळघाटची भाजीवाली होती ती. आईची-माझी ओळखही नव्हती तेव्हाचं चित्र आहे."

पायलचं रडणं थांबलं.

"पण सगळे म्हणतात..."

"सगळ्यांना तसं वाटलं. मी बोललो नाही."

"मग आईचं चित्र कुठं आहे?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

पायलनं फोन ठेवला. नागसेन खाली गेला आणि धुळीत उभं राहून त्यानं काजललाही सांगून टाकलं, आता लपवून काय उपयोग म्हणून. काजलनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग ढिगाऱ्याकडं.

"म्हंजे सर, आपण जित्या बाईले हार घातला," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुम्ही बसून पाह्यलं."

"हो," नागसेन म्हणाला. काजलनं त्याचा रुमाल धुऊन, घडी करून आणला होता, तो तिनं त्याच्या हातात दिला आणि ती मापं घ्यायला निघून गेली.

शनिवारी सकाळी पायल न सांगता आली. पुण्याच्या गाडीतून उतरून सरळ घरी. बाबांशी ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. फ्रिजमधल्या दुधाच्या पिशव्या काढून तिनं एकेक करून मोरीत ओतल्या, ओटा घासला, आईच्या साड्यांचं कपाट उघडून पुन्हा लावलं. जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत गेली आणि तिथून चित्राचा फळा, कागद आणि पेन्सिली घेऊन आली. सगळं तिनं जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं.

"काढा," ती म्हणाली.

"पायल, आता मला..."

"जमो न जमो. मी इथंच बसलेय. काढा."

नागसेननं पेन्सिलीला टोक केलं. हात सांगितल्यासारखा चालत होता, त्यात कुठं काही अडत नव्हतं. चेहऱ्याची ठेवण आली, भांग आला, कान आले. कुठल्याही चाळिशीतल्या बाईचा चेहरा असावा तसा तो दिसत होता. पायलनं मोबाइलमधले फोटो समोर धरले.

"भुवईवरची खूण राहिली," ती म्हणाली.

समताच्या एका भुवईत बारीक कापल्याची खूण होती, तिथं केस उगवत नसत. नागसेननं पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"उजव्या ना?"

पायलनं फोटो मागं-पुढं केले. एका सेल्फीत खूण उजवीकडं होती, दुसऱ्या सेल्फीत डावीकडं. "काही फोनांत सेल्फी उलटी येते," ती म्हणाली. "आईच्या जुन्या फोनमध्ये उलटी यायची. की नव्या?" बाकीच्या फोटोंत समता कुठं कुणाच्या मागं होती, कुठं चष्म्याची काडी आडवी आली होती, कुठं ती दुसऱ्यांना वाढत होती. लग्नाच्या फोटोंत खूण नव्हतीच, ती पुढं या घरात आल्यावर झालेली.

"तुम्हाला नाही आठवत?" पायलनं विचारलं.

"नाही."

एवढं म्हणताना नागसेनला राग आला. पायलचा नाही, फोनचाही नाही. रोज समोरासमोर बसून जेवलो, आणि खूण कुठल्या भुवईला ते सांगता येत नाही. तो राग इतका सरळ अंगावर आला की आपल्याला राग येतोय हे कळायलाच त्याला क्षणभर लागलं. पेन्सिल टेबलावर आपटून तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

ती खूण झाली होती ओट्यावरच्या कपाटाच्या दाराच्या कोपऱ्यानं. घर नवं होतं, समता गॅसपाशी होती, दार उघडंच राहिलं होतं, आणि खालचा डबा उचलून ती सरळ व्हायला गेली. हे स्वयंपाकघर नागसेननंच काढलेलं. कपाट गॅसच्या उजव्या हाताला होतं आणि त्याचं दार गॅसच्या बाजूनं बिजागऱ्यांवर लावलेलं होतं. त्यानं ते पूर्ण उघडलं. पत्र्याची पट्टी ठोकलेला कोपरा बाहेर आला आणि गॅससमोर उभ्या असलेल्या नागसेनच्या छातीपाशी थांबला. समता त्याच्या खांद्याएवढी होती. त्यानं गुडघे वाकवले, ओट्याची कड धरली आणि तिच्या उंचीवर आला. कोपरा उजव्या भुवईसमोर होता.

तो तसाच राहिला. समोर खिडकी होती. ओट्याशी काम करता करता घाटाचा उतार दिसावा म्हणून ती त्यानं मुद्दाम त्या बाजूला घेतली होती, घर दाखवताना प्रत्येकाला सांगायचा. तिच्या उंचीवरून उतार दिसत नव्हता. खिडकीची कड आड येत होती आणि तिच्यावर शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी तेवढी दिसत होती.

"बाबा?" पायल दारात आली होती. "काय करताय?"

"उजवी," तो म्हणाला. मग बोटानं दाखवत म्हणाला, "उजवी भुवई."

पायलनं येऊन त्याच्या दंडाला धरलं आणि उघडं दार लावून टाकलं.

"हे दार दुसऱ्या बाजूनं लावायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"आई म्हणायची."

"मलाही म्हणाली होती. सुताराला सांगतो म्हणालो होतो मी."

पायलनं भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि चहा टाकला. दूध नव्हतं, सगळं तिनंच ओतलं होतं, म्हणून दोघांनी कोराच चहा घेतला. मग नागसेन टेबलाशी जाऊन बसला आणि त्यानं उजवी भुवई काढली, मधे बारीकशी जागा सोडून. ती बरी जमली. नाक जमेना. खोडून खोडून कागद तिथं विरला तेव्हा त्यानं दुसरा कागद घेतला आणि चेहऱ्याची ठेवण पुन्हा पहिल्यापासून काढायला लागला. बाहेर ऊन कलत होतं. पायलनं ऑफिसात फोन करून सोमवारची सुट्टी टाकली आणि ती पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली.